कव्हर नसलेली कॅसेट

मामांची ती कॅसेट अजून माझ्याकडे आहे. आता ती वाजत नाही. फीत दोन ठिकाणी चिकटवलेली आहे, आणि तिसऱ्यांदा तुटली तेव्हा मी नाद सोडला. काळी, नव्वद मिनिटांची, वरच्या पांढऱ्या पट्टीवर निळ्या बॉलपेनने कुणीतरी लिहिलेलं ‘स्लो साँग्ज’. कव्हर नाही, गायकाचं नाव नाही.

मामा मालवाहू बोटीवर होते. रत्नागिरीकडच्या कितीतरी घरांतला एखादा माणूस तेव्हा बोटीवर असायचा, आणि सात-आठ महिन्यांनी तो परत आला की घरभर साबण, चॉकलेट आणि परदेशी सिगारेट यांचा एकत्र वास दरवळायचा. १९८८ च्या मे महिन्यात मामा आले ते टेपरेकॉर्डर घेऊनच, आणि त्याच्या पोटात ही कॅसेट होती. बोटीवरच्या कुणा सोबत्याने भरून दिलेली. गातंय कोण, हे मामांनाही ठाऊक नव्हतं. ते त्याला ‘मऊ आवाजवाला’ म्हणायचे. “मऊ आवाजवाला लाव गो,” असं संध्याकाळी पडवीत बसून सांगायचे, आणि मी लावायची.

मी मराठी शाळेत, आठवीत. इंग्रजी आम्हाला पाचवीपासून. पुस्तकातले धडे समजायचे, पण इंग्रजी गाणं म्हणजे धुकं. शब्द एकमेकांत विरघळून गेलेले, कुठे एक संपतो आणि कुठे दुसरा सुरू होतो ते कळायचं नाही. या माणसाचं तसं नव्हतं. त्याचा प्रत्येक शब्द धुऊन पुसून फळीवर मांडून ठेवलेल्या भांड्यासारखा वेगळा दिसायचा. शब्दाच्या शेवटचा ‘ट’ ऐकू यायचा. ‘म’ किंवा ‘न’ आला की आवाज त्यावर अलगद टेकायचा आणि तिथेच थोडा वेळ थांबायचा. मी वही-पेन्सिल घेऊन बसले आणि थांबव, मागे घे, पुन्हा लाव असं करत त्या सुट्टीत नऊ गाणी उतरवून काढली. ‘मोना लिसा’ हे शब्द मी आधी त्याच्या तोंडून ऐकले, चित्र पुष्कळ नंतर पाहिलं. मला वाटायचं, त्याच्या ओळखीतली कुणी मुलगी असेल.

आजोबा नाट्यसंगीतावर पोसलेले. त्यांनी एकदा आतून विचारलं, “हा गातोय की कुणाच्या कानात काही सांगतोय?” त्यांच्या लेखी तो दोष होता. ज्या नटांची गाणी ऐकत ते मोठे झाले, त्यांना शेवटच्या रांगेपर्यंत आवाज नुसत्या छातीच्या जोरावर पोचवावा लागे. अमेरिकेतही तसंच होतं. तिथलं रंगभूमीवरचं गाणंही खड्या आवाजाचं होतं, आणि सुरुवातीच्या तबकड्यांसाठी तर कर्ण्यात तोंड घालून गावं लागे. १९२५ च्या सुमारास विजेवरचं ध्वनिमुद्रण आलं, मायक्रोफोन आला, आणि ओरडायची गरज संपली. बिंग क्रॉसबीसारख्या गायकांनी ओळखलं की हे यंत्र आवाज मोठा करतं, म्हणजे आता गाणाऱ्याने आवाज लहान करायला हरकत नाही. अशा गायकांना ‘क्रूनर’ म्हणू लागले, आणि सुरुवातीला त्या शब्दात थोडी कुचेष्टाही होती. आपल्याकडे गजानन वाटव्यांपासून अरुण दात्यांपर्यंत भावगीताचा जो हळुवार आवाज रेडिओतून घरात आला, त्याच्या मागेही हेच यंत्र आहे. आजोबांनी विचारलेला प्रश्न म्हणजे या गायकीची अचूक व्याख्या होती. तो कानात सांगतच होता.

नाव कळायला सात वर्षं लागली. १९९५ मध्ये पुण्यात, डेक्कनवरच्या एका दुकानात मी कोऱ्या कॅसेटी घ्यायला गेले होते, आणि वरच्या स्पीकरमधून तोच आवाज आला. मी दुकानदाराला जवळजवळ ओरडूनच विचारलं, हा कोण? त्याने काउंटरवर एक सीडी ठेवली. नॅट किंग कोल. लांबट चेहरा, चापून बसवलेले केस, उत्तम शिवलेला कोट, किंचित तिरकं हसू. आणि काळा वर्ण.

मी दचकले. ते दचकणं मी कधी विसरले नाही, आणि त्याबद्दल मला आजही लाज वाटते. सात वर्षं मी ज्याला ऐकत होते तो माझ्या मनात गोरा होता. कुणीही तसं सांगितलेलं नव्हतं. नितळ उच्चार, सभ्य, अंगावर न येणारा आवाज, मागे व्हायोलिनं; एवढ्या सामानावरून मी, कोकणातल्या एका गावात बसून, न विचारताच त्याला गोरा चेहरा देऊन टाकला होता. हे मला कुणी शिकवलं? या प्रश्नाचं उत्तर शोधायला म्हणून मी त्याच्याबद्दल वाचायला लागले, आणि वाचत गेले तसं दिसलं की त्याच्या देशालाही त्याचा आवाज असाच हवा होता. कव्हरशिवाय.

नॅथॅनिएल अ‍ॅडम्स कोल्स. जन्म १७ मार्च १९१९, अलाबामा राज्यातल्या माँटगमेरी शहरात. तो चार वर्षांचा असताना कुटुंब शिकागोला गेलं. दक्षिणेतला छळ आणि दारिद्र्य मागे टाकून उत्तरेकडच्या शहरांत गेलेल्या लाखो कृष्णवर्णीयांपैकी हे एक घर. वडील बॅप्टिस्ट चर्चचे धर्मोपदेशक, आई पर्लिना चर्चमध्ये ऑर्गन वाजवायची. पियानोची पहिली गुरू तीच. त्याच्या स्वच्छ उच्चारांचं मूळ मी या घरात शोधते. रविवारी सकाळी वडील बोलतायत, आई वाजवतेय, आणि शेवटच्या बाकावरच्या म्हातारीला प्रत्येक शब्द कळलाच पाहिजे. तो कळला नाही तर बोलण्याचा उपयोग काय? माझी ही समजूत आहे, पुरावा नाही. पण पोराने हे घरातच उचललं असणार असं मला फार वाटतं.

दुसरी शाळा रस्त्यावरची. शिकागोच्या दक्षिण भागात ग्रँड टेरेस नावाचा क्लब होता, तिथे अर्ल हाइन्स पियानो वाजवायचा. हा पोरगा बाहेर उभा राहून ऐकायचा. सतराव्या वर्षी, १९३६ मध्ये, मोठा भाऊ एडी याच्या बँडबरोबर पहिलं ध्वनिमुद्रण. मग एका संगीत-नाटकाच्या दौऱ्यावर निघाला, तो दौरा १९३७ मध्ये कॅलिफोर्नियातल्या लाँग बीचला येऊन बंद पडला, आणि नॅट तिथेच राहिला. लॉस एंजेलिसच्या छोट्या क्लबांतून मिळेल त्या पियानोवर वाजवू लागला.

इथे जरा थांबते, कारण बहुतेक लोक हा भाग ओलांडून थेट गाण्यांकडे जातात. त्याने ऑस्कर मूर हा गिटारवाला आणि वेस्ली प्रिन्स हा बासवाला घेऊन त्रिकूट केलं. ड्रम नाही. पंधरा-सोळा वादकांच्या दणदणीत बँडांचे ते दिवस, आणि हे तिघंच. ड्रम नसला की लय धरून ठेवण्याचं काम तिघांत वाटलं जातं. कुणालाच रेलून बसता येत नाही. पण त्याच्या बदल्यात शांतता मिळते. पियानोचा अगदी हलका स्वरही ऐकू येतो, गिटारने टाकलेला प्रश्न आणि पियानोने दिलेलं उत्तर दोन्ही स्पष्ट कळतात. पुढे ऑस्कर पीटरसनने हीच रचना घेतली, आणि रे चार्ल्स तर सुरुवातीला याच्यासारखंच गायचा-वाजवायचा. जुलै १९४४ मध्ये लॉस एंजेलिसच्या फिलहार्मोनिक ऑडिटोरियममध्ये जॅझची एक मोठी मैफल झाली. तिच्यात गिटारवादक लेस पॉल आणि कोल यांची जी पाठशिवणी मुद्रित झालेली आहे ती मी लोकांना मुद्दाम ऐकवते. एक जण चटकन काही वाजवतो, दुसरा तेच परत करतो, मग खोडी काढतो, आणि प्रेक्षक हसताना ऐकू येतात. केवळ गायक म्हणून कोल माहीत असणारे लोक विचारतात, पियानोवर कोण आहे?

तो गायला कसा लागला याची एक दंतकथा आहे, की क्लबमधल्या एका दारुड्याने हट्ट धरला म्हणून. ती कितपत खरी हा प्रश्नच आहे. वाजवता वाजवता कार्यक्रमात बदल म्हणून तो मधूनच एखादं गाणं म्हणायचा, हे जास्त पटण्यासारखं. १९४२ मध्ये हॉलिवूडमध्ये कॅपिटॉल ही नवी तबकड्यांची कंपनी निघाली. तिच्यासाठी ३० नोव्हेंबर १९४३ ला त्रिकुटाने ‘स्ट्रेटन अप अँड फ्लाय राइट’ मुद्रित केलं. गिधाडाच्या पाठीवर बसलेल्या माकडाची गोष्ट. ती वडिलांनी प्रवचनात सांगितलेली. लेकाने तिचं गाणं केलं, ते देशभर वाजलं, पण हक्क त्याने आधीच ५० डॉलरना विकून टाकलेले होते.

१९४६ मध्ये रेडिओवर त्याच्या त्रिकुटाच्या नावाचा पंधरा मिनिटांचा कार्यक्रम सुरू झाला. प्रायोजक केसांना लावायचं क्रीम विकणारी कंपनी. दोन वर्षं तो चालला. गाणारा काळा आहे हे ऐकणाऱ्यांना माहीत नव्हतं असं नाही, वर्तमानपत्रांत त्याचे फोटो येतच होते. पण रेडिओतून फक्त आवाज घरात येतो. माणूस उंबऱ्याबाहेरच राहतो. हा सौदा त्या देशाला चालत होता.

त्याच वर्षी नाताळचं ते प्रसिद्ध गाणं, ‘द ख्रिसमस साँग’, मागे व्हायोलिनं घेऊन. १९४८ मध्ये ‘नेचर बॉय’. त्याचा कर्ता एडन आबेझ हा लांब केसांचा, साध्या झग्यात फिरणारा माणूस तेव्हा हॉलिवूडच्या त्या डोंगरावरच्या मोठ्या अक्षरांपैकी ‘एल’च्या खाली राहत होता. आठ आठवडे ते गाणं पहिल्या क्रमांकावर होतं. १९५० मध्ये ‘मोना लिसा’, १९५१ मध्ये ‘टू यंग’ आणि ‘अनफर्गेटेबल’. नेल्सन रिडलसारख्या संयोजकांचे वाद्यवृंद आले, आणि कोल पियानोवरून उठून मायक्रोफोनसमोर उभा राहिला. हॉलिवूडमधल्या कॅपिटॉलच्या गोल इमारतीला लोक ‘नॅटने बांधलेलं घर’ म्हणत, इतका पैसा त्याच्या तबकड्यांनी मिळवून दिला.

जॅझवाल्यांनी त्याला याबद्दल क्षमा केली नाही. पियानो सोडला, गोड गाण्यांच्या मागे लागला, असा त्यांचा राग. मला तो पटत नाही. त्याने पियानो गळ्यात नेला असं माझं मत आहे. ‘अनफर्गेटेबल’ ऐका. ओळ जिथे सुरू व्हायला हवी तिथे तो सुरू करत नाही, एक श्वास मागे राहतो, आणि वाद्यवृंद पुढे जाऊ देतो. मग दोन शब्द टाकतो. मग पुन्हा मोकळी जागा. उजव्या हाताने मोजके स्वर टाकून बाकीचं ऐकणाऱ्यावर सोडणारा जो पियानोवादक त्या त्रिकुटात होता, तोच हा. त्याचा आवाज काही मोठा नव्हता, किंचित घोगरा होता, पल्लाही बेताचा. हे त्याला पक्कं माहीत होतं, आणि त्याने कधी नसलेला आवाज काढायचा प्रयत्न केला नाही.

घराचं सांगायचं राहिलं. १९४८ च्या मार्चमध्ये ईस्टरच्या रविवारी न्यूयॉर्कच्या हार्लेममध्ये त्याचं मारियाशी लग्न झालं, आणि त्याच वर्षी दोघांनी लॉस एंजेलिसच्या हॅनकॉक पार्क या श्रीमंत वस्तीत घर घेतलं. वस्तीतली घरं गोऱ्यांखेरीज कुणाला विकायची नाहीत असे करार तिथे होते. ते करार न्यायालयांना अंमलात आणता येणार नाहीत, असा निकाल देशाच्या सर्वोच्च न्यायालयाने त्याच मे महिन्यात दिला होता. तरी रहिवासी एकत्र आले. आम्हाला वस्तीत अनिष्ट माणसं नकोत, असं त्याला सांगण्यात आलं. तो म्हणाला, मलाही नकोत. तशी कुणी येताना दिसली तर पहिली तक्रार मी करीन. हे उत्तर पुष्कळ ठिकाणी कौतुकाने सांगितलं जातं. मी ते वाचते तेव्हा मला हिरवळीवर जाळून उमटवलेली शिवी दिसते, विष घालून मारलेला कुत्रा दिसतो, आणि हे सगळं होऊनही त्या घरात राहून मुलं वाढवणारी दोन माणसं दिसतात. मरेपर्यंत ते घर त्याने सोडलं नाही.

आणि मग १९५६. त्याच्या आयुष्यातलं हे एक वर्ष मी महिन्यामहिन्याने वाचलं आहे.

१० एप्रिल. अलाबामातलं बर्मिंगहॅम, म्युनिसिपल ऑडिटोरियम. त्याच्या जन्मगावी, माँटगमेरीत, काळ्यांना बसमध्ये वेगळं बसवतात म्हणून त्यांनी बसवर घातलेला बहिष्कार तेव्हा पाचव्या महिन्यात होता. माणसं रोज मैलोन्मैल चालत कामावर जात होती. बर्मिंगहॅमला त्या रात्री दोन खेळ होते, पहिला गोऱ्यांसाठी, दुसरा काळ्यांसाठी. मागे इंग्लंडचा टेड हीथचा बँड. पहिल्या खेळात कोल तिसरं गाणं म्हणत होता, आणि काही माणसं प्रेक्षकांतून धावत मंचावर चढली. त्याला पियानोच्या बाकावरून खाली पाडलं. पोलिसांनी त्यांना धरलं. पाठीला मार लागलेला कोल थोड्या वेळाने परत मंचावर आला. लोक उभे राहून टाळ्या वाजवत राहिले. त्याने सांगितलं की मी फक्त तुमचं मनोरंजन करायला आलो होतो, माझा जन्म याच राज्यातला आहे, पाठीला लागलंय, पुढे गाता येणार नाही. आणि तरीही रात्रीचा दुसरा, त्याच्या आपल्या लोकांसाठीचा खेळ त्याने केला. मला वाटतं त्या रात्रीची मोठी गोष्ट ती आहे. दुखऱ्या पाठीने, त्याच इमारतीत, तासाभराने पुन्हा त्याच बाकावर बसणं.

त्याच्यावर दुसऱ्या बाजूनेही टीका झाली, आणि ती जास्त झोंबली असणार. वेगवेगळ्या बसवलेल्या प्रेक्षकांसमोर हा गातोच कशाला, असा प्रश्न कृष्णवर्णीय वृत्तपत्रांनी केला. त्याच्या तबकड्या काही ठिकाणी ज्यूकबॉक्समधून काढून टाकल्या. टीका चूक नव्हती. पंतोजी नव्हे, मनोरंजन करणारा आहे मी, अशी त्याची भूमिका माँटगमेरीच्या त्या दिवसांत अपुरीच पडत होती. त्यानंतर त्याने नागरी हक्कांसाठी झगडणाऱ्या एनएएसीपी या संघटनेच्या डेट्रॉइट शाखेचं आजीव सभासदत्व घेतलं.

ऑगस्ट आणि सप्टेंबर. जॅझवाल्यांना उत्तर द्यावं तसा तो परत पियानोवर बसला आणि ‘आफ्टर मिडनाइट’ मुद्रित केलं. सोबत ट्रम्पेटवर हॅरी एडिसन, व्हायोलिनवर स्टफ स्मिथ आणि इतर जुने जाणते. त्या तबकडीत घाई नावाची गोष्ट नाही. चार महिन्यांपूर्वी ज्याला बाकावरून पाडलं, तो माणूस बाकावर बसून इतक्या मोकळ्या मनाने कसा वाजवू शकतो, हे मला अजूनही कळलेलं नाही.

५ नोव्हेंबर. एनबीसी या टीव्ही वाहिनीवर ‘द नॅट किंग कोल शो’ सुरू. पंधरा मिनिटं, सोमवारी. आता माणूस उंबऱ्याच्या आत आला. कोट घालून, हसून, लोकांच्या बसायच्या खोलीत. आणि देशपातळीवरचा एकही प्रायोजक मिळेना. एका सौंदर्यप्रसाधनांच्या कंपनीच्या माणसाने म्हटलं की काळा माणूस लिपस्टिक विकू शकत नाही. कोलने नंतर ‘एबनी’ मासिकात लिहिलं, मग आमच्या बायका काय वापरतात असं यांना वाटतं, खडू? दक्षिणेतल्या काही केंद्रांनी कार्यक्रम दाखवायचंच नाकारलं. एला फिट्झजेराल्ड, पेगी ली, हॅरी बेलाफोंटे, टोनी बेनेट अशी माणसं येऊन अगदी किमान मोबदल्यात गाऊन गेली. वाहिनीने पदरचा पैसा घातला, जुलै १९५७ मध्ये वेळ वाढवून अर्धा तास केली. प्रायोजक आलाच नाही. काही शहरांपुरत्या जाहिराती, बस. शेवटचा भाग १७ डिसेंबर १९५७. जाहिरात कंपन्यांच्या गल्लीचं नाव घेऊन तो म्हणाला, मॅडिसन अ‍ॅव्हेन्यूला अंधाराची भीती वाटते.

केसांच्या क्रीमने अकरा वर्षांपूर्वी त्याचा आवाज विकत घेतला होता. चेहऱ्याला गिऱ्हाईक नव्हतं.

त्याच १९५६ च्या डिसेंबरात, कार्यक्रम सुरू झालेला आणि प्रायोजकांचा पत्ता नाही अशा दिवसांत, गॉर्डन जेंकिन्सच्या व्हायोलिनांसमोर उभं राहून त्याने ‘स्टारडस्ट’ म्हटलं. मामांच्या कॅसेटच्या दुसऱ्या बाजूला ते होतं. त्या गाण्याची प्रस्तावना पुष्कळ गायक गाळतात. तो तिथूनच सुरू करतो, जवळजवळ बोलतो, आणि तो बोलण्यावरून गाण्यावर कधी गेला ते कळत नाही. आजोबांचा प्रश्न मला तिथे नेहमी आठवतो.

१९५८ मध्ये तो हवानाला गेला आणि स्पॅनिश गाण्यांची तबकडी केली. त्याला स्पॅनिश येत नव्हती. शब्द ऐकून, ध्वनी पाठ करून, जसेच्या तसे म्हणायचे. ऐकणाऱ्यांना त्याचा अमेरिकन हेल लगेच कळे, तरी मेक्सिकोपासून दक्षिणेकडे सगळीकडे ती गाणी लोकांनी डोक्यावर घेतली. पुढे पोर्तुगीजमध्ये गायला, ‘एल-ओ-व्ही-ई’ तर जपानी, जर्मन, इटालियन, फ्रेंच अशा भाषांतही म्हटलं. हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा माझ्या डोळ्यांत पाणी आलं. माझ्या वहीत मी तरी दुसरं काय केलं होतं? अर्थ न कळणारे शब्द केवळ कानावर भरवसा ठेवून उतरवून काढले होते. ज्याच्या आवाजावरून मी इंग्रजी शिकले, तो स्वतः दुसऱ्यांच्या भाषा त्याच वाटेने शिकत होता.

सिगारेटबद्दल लिहायला नको वाटतं. मेंथॉलच्या, दिवसाला तीन-तीन पाकिटं. आवाजाला तो दाटपणा सिगारेटमुळे येतो अशी त्याची समजूत होती, आणि गायला उभं राहण्याआधी तो ओळीने अनेक ओढायचा. डिसेंबर १९६४ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोत शेवटच्या तबकडीची गाणी केली, त्याच महिन्यात सांता मोनिकाच्या रुग्णालयात फुप्फुसाच्या कर्करोगाचं निदान झालं. जानेवारीत डावं फुप्फुस काढलं. तो रुग्णालयात असतानाच वडील वारले, ती माकडाची आणि गिधाडाची गोष्ट सांगणारे. १५ फेब्रुवारी १९६५ ला तो गेला. वय ४५. ती शेवटची तबकडी ऐकताना मी श्वास मोजत बसते. कुठेच कमी पडलेला नाही.

१९९१ मध्ये त्याची मुलगी नॅटली हिने त्याच्या जुन्या मुद्रणातला आवाज घेऊन ‘अनफर्गेटेबल’ त्याच्याबरोबर गायलं. वडील गेले तेव्हा ती नुकती पंधराची झाली होती. त्या गाण्याला सगळे मोठे पुरस्कार मिळाले. मला ते गोड वाटतं आणि ऐकवतही नाही. पुन्हा एकदा नुसता आवाज, माणूस नाहीच.

या दिवाळीत मी मामांकडे गेले होते. बोट सुटून वीस वर्षं झाली, सिगारेट त्याहून आधी सुटली. पडवी तीच. मी फोनवर त्या टीव्ही कार्यक्रमाचा एक तुकडा लावून त्यांच्या हातात दिला आणि म्हटलं, मामा, हा तुमचा मऊ आवाजवाला. नाव मी त्यांना पुण्याहून तेव्हाच पत्राने कळवलं होतं, पण गाताना त्यांनी त्याला कधी पाहिलं नव्हतं. त्यांनी चष्मा पुसला, फोन दोन्ही हातांनी धरला. काळंपांढरं, जरा धुरकट चित्र. कोल पियानोशी तिरका बसलेला, तोंड सगळं आपल्याकडे, आणि हात बाजूला आपले आपण वाजवतायत.

बराच वेळ ते काही बोलले नाहीत. मग म्हणाले, “अगो, हा पट्ट्यांकडे बघतच नाही.”

“नाही.”

“आपल्याकडेच बघतोय.”

गाणं संपलं. त्यांनी फोन माझ्यापुढे केला आणि पुन्हा लावायला सांगितलं. मी लावलं, तसे ते म्हणाले, “आता आवाज बंद कर जरा. नुसता बघूया त्याला.”

मी आवाज बंद केला, आणि आम्ही दोघं बघत बसलो.